‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची टिक आणि गायब झालेले दहा महिने

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला ॲडमिन हक्क द्यायला अर्धा मिनिट पुरतं. आयकॉनवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शॉर्टकट’ टॅब, खालचं ‘ॲडव्हान्स्ड’ बटण, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर टिक, दोनदा ‘ओके’. ही कृती सगळ्यांना ठाऊक असते. त्या टिकेमुळे प्रोग्राम कुणाच्या नावाने चालू लागतो आणि कुठल्या फाइली वाचू लागतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते दिसावं म्हणून एक नमुना प्रकरण शेवटपर्यंत उलगडून पाहू. यातली प्रत्येक अडचण विंडोजच्या ठरलेल्या वागण्यातून येते, त्यामुळे असाच जुना प्रोग्राम जिथे असेल तिथे ती येऊ शकते.

मांडणी

तालुक्याच्या गावातलं एक कृषी सेवा केंद्र. विंडोज ११ चा एकच संगणक आणि त्यावर दोन खाती. मालकांचं खातं ॲडमिन, अकाउंटंटचं खातं साधं. रोजचं काम अकाउंटंटच्या खात्यातूनच चालतं. मालकांना उधारीची यादी पाहायची असली तरी ते त्याच उघड्या खात्यात बसतात. खतं-बियाण्यांचा साठा, व्हाउचर आणि लेजर सांभाळणारा प्रोग्राम जुना आहे. तो १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला, ३२-बिट आहे आणि त्याचा सगळा डेटा एका एमडीबी (ॲक्सेस डेटाबेसच्या) फाइलीत असतो. ही फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’च्या पोटात आहे. विंडोज एक्सपीच्या काळात असंच असायचं. तेव्हा घरोघरी आणि दुकानोदुकानी सगळेच ॲडमिन म्हणून काम करत.

नवा संगणक आला तेव्हा, १२ जूनला, तंत्रज्ञाने जुना डेटा त्या फोल्डरमध्ये आणून ठेवला. बॅकअपसाठी डेस्कटॉपवर एक बॅच फाइल करून दिली. दुकान बंद करताना ती चालवली की एमडीबीची प्रत त्या दिवशीच्या तारखेच्या फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर जाते.

२ एप्रिलला, नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, प्रोग्रामच्या मेनूतून अपडेट घ्यायला गेल्यावर पाटी आली: ‘रन-टाइम एरर ७०, परमिशन डिनाइड’. फोनवरून सल्ला मिळाला की शॉर्टकटला ॲडमिनची टिक लावा. टिक लावली, विंडोजने मालकांचा पासवर्ड मागितला, तो दिला आणि अपडेट झालं. प्रोग्राम उघडला तर शेवटचं व्हाउचर १२ जूनचं. पुढचे जवळजवळ दहा महिने कोरे.

पेनड्राइव्ह लावून बॅकअप पाहिले. दोनशेच्या वर फोल्डर, प्रत्येकावर वेगळी तारीख. आतल्या एमडीबीची ‘डेट मॉडिफाइड’ मात्र सगळीकडे एकच: १२ जून.

नोंदी गेल्या कुठे

जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनचेही प्रोग्राम मुळात साध्या हक्कांनी चालतात, आणि अशा प्रोग्रामला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायची मुभा नाही. हा नियम सरळ लावला असता तर एक्सपीच्या काळातले हजारो प्रोग्राम पहिल्याच दिवशी बंद पडले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. प्रोग्राम ३२-बिट असेल, आपल्याला कुठले हक्क हवेत हे सांगणारं मॅनिफेस्ट त्याच्यात नसेल आणि तो साध्या हक्कांनी चालत असेल, तर त्याचं लिखाण न अडवता विंडोज ते गुपचूप दुसरीकडे वळवतं. ही दुसरी जागा म्हणजे त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’तलं ‘लोकल’ आणि त्यातलं ‘व्हर्च्युअलस्टोअर’ हे फोल्डर. मूळ फाइल लिहिण्यासाठी पहिल्यांदा उघडली गेली की तिची पूर्ण प्रत तिथे तयार होते. पुढे वाचायचं असो वा लिहायचं, त्या वापरकर्त्याच्या त्या प्रोग्रामला हीच प्रत मिळते. प्रोग्रामला यातलं काहीही कळत नाही.

म्हणजे जूनपासून अकाउंटंटने केलेली प्रत्येक नोंद त्यांच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये जात होती आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मधली मूळ फाइल १२ जूनला होती तशीच राहिली. बॅच फाइल चालवणारा कमांड प्रॉम्प्ट हा विंडोजचा स्वतःचा, मॅनिफेस्ट असलेला प्रोग्राम. त्याला ही वळवणूक लागू होत नाही. त्याला मूळ फाइल दिसली आणि रोज इमानेइतबारे तिचीच प्रत घेतली गेली. फाइल एक्सप्लोररनेही तेच दाखवलं असतं.

मग अपडेट का अडलं? कारण ईएक्सई, डीएलएल, बॅच यांसारख्या चालवता येणाऱ्या फाइली वळवल्या जात नाहीत, तिथे थेट नकार मिळतो. या अपडेटमध्ये जीएसटीच्या अहवालांची नवी ईएक्सई आणि एक डीएलएल फोल्डरमध्ये टाकायची होती, म्हणून एरर ७०. (अपडेट करणारा प्रोग्राम वेगळा असता आणि त्याच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असतं, तर विंडोजने स्वतःच अंदाज बांधून ॲडमिन पासवर्ड मागितला असता. इथे मुख्य प्रोग्रामच फाइली टाकत असल्याने तसं झालं नाही.)

टिक लावल्यावर प्रोग्राम पूर्ण हक्कांनी चालू झाला. पूर्ण हक्क मिळाले की वळवणूक बंद होते. प्रोग्रामने खऱ्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधली खरी फाइल उघडली, ती जूनची. डेटा पुसला गेला नव्हता. प्रोग्राम दुसरीकडे पाहू लागला होता, एवढंच.

सावरण्याचा क्रम

इथे घाई करून भागत नाही. संगणक फॉरमॅट करणं, अकाउंटंटचं खातं काढून नवं बनवणं किंवा जुना बॅकअप ‘रीस्टोर’ करणं, हे तिन्ही उपाय या टप्प्यावर हमखास सुचवले जातात. पहिल्या दोन उपायांनी व्हर्च्युअलस्टोअर कायमचं जातं, आणि दहा महिन्यांच्या नोंदींची एकमेव प्रत त्यातच आहे.

आधी प्रोग्राम बंद करावा आणि टास्क मॅनेजरमध्ये तो खरंच बंद झाल्याची खात्री करावी. एमडीबी उघडी असताना तिच्याशेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल असते. ती दिसत असेल तर कुणीतरी अजून आत आहे. मग अकाउंटंटच्याच खात्यात राहून विंडोज आणि आर ही बटणं दाबावी. ‘रन’च्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘लोकलॲपडेटा’ हा शब्द रोमन अक्षरांत सलग लिहून, पुढे उलटा स्लॅश आणि ‘व्हर्च्युअलस्टोअर’. मालकांच्या खात्यातून हीच चौकट उघडली तर मालकांचं व्हर्च्युअलस्टोअर उघडेल, आणि ते रिकामं पाहून नोंदी गेल्याच असं वाटेल.

आत ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’, त्यात प्रोग्रामचं फोल्डर आणि त्यात एमडीबी. तिची तारीख २ एप्रिल आणि आकार मूळ फाइलीपेक्षा बराच मोठा असेल तर हवी ती फाइल हीच.

आता कुठलीही फाइल हलवण्याआधी तिन्हींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घ्याव्यात: व्हर्च्युअलस्टोअरमधली, ‘प्रोग्राम फाइल्स’मधली आणि शेवटच्या बॅकअपमधली. नावात जागा आणि तारीख लिहावी. याच फोल्डरची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. नवी आवृत्ती एखादी एमडीबी पहिल्यांदा उघडते तेव्हा तिला नवे रकाने जोडू शकते आणि मग ती जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. म्हणून या प्रतींना प्रोग्रामने कधीच उघडू नये.

टिक लावल्यानंतरच्या गडबडीत जूनच्या फाइलीवर काही नवी व्हाउचर टाकली गेली असतील, तर त्यांची यादी छापून घ्यावी आणि व्हर्च्युअलस्टोअरमधून मिळालेल्या डेटात ती हाताने पुन्हा भरावीत. दोन एमडीबी जोडण्याचा मोह टाळावा. दोन्हींत एकाच क्रमांकाची वेगवेगळी व्हाउचर असतात आणि साठ्याची शिल्लक त्या क्रमांकांवरच उभी असते. पंधरा-वीस व्हाउचर हाताने भरायला एक दुपार जाईल. चुकीच्या जोडणीतून साठा जुळवायला आठवडाही पुरणार नाही.

डेटा बाहेर काढणं

इथून पुढचं काम हा या प्रकरणाचा खरा उपाय आहे. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच राहू द्यावा, डेटा तिथून बाहेर न्यावा.

सी ड्राइव्हच्या मुळाशी नवं फोल्डर करावं. नाव रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. ‘हिशेब’ असं देवनागरीत लिहायची इच्छा होते, पण व्हिज्युअल बेसिक ६ च्या फाइल उघडण्याच्या जुन्या आज्ञांना युनिकोड समजत नाही. देवनागरी नावाच्या जागी त्यांना प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल सापडत नाही.

सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरमध्ये लॉगिन केलेल्या सगळ्यांना बहुधा आपोआप बदल करता येतात, तरीही तपासावं. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’, ‘एडिट’, ‘युजर्स’ निवडून ‘मॉडिफाय’वर टिक. ‘फुल कंट्रोल’ नको, त्याची गरज पडत नाही. कुणी ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डर निवडलं तर ही पायरी अजिबात चुकवू नये. तिथे साध्या वापरकर्त्याला स्वतःची फाइल तयार करता येते, दुसऱ्याने तयार केलेली बदलता येत नाही. मालकांनी ठेवलेल्या एमडीबीत अकाउंटंटला थेट लिहिता येणार नाही आणि लिखाण पुन्हा गुपचूप व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळेल.

डेटा कुठे आहे हे प्रोग्राम आपल्या फोल्डरमधल्या आयएनआय फाइलीत लिहून ठेवतो. इथे एक खड्डा आहे. आयएनआयचीही एक प्रत व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तयार झालेली असते. ॲडमिन हक्कांनी प्रोग्राम उघडून नवा मार्ग दिला तर खरी आयएनआय बदलते. दुसऱ्या दिवशी अकाउंटंटने साधेपणाने प्रोग्राम उघडला की व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी आयएनआय वाचली जाते आणि प्रोग्राम जुन्या जागी जातो. म्हणून क्रम पाळावा. आधी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या एमडीबीची प्रत नव्या फोल्डरमध्ये ठेवावी. मग अकाउंटंटच्या व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रोग्रामच्या फोल्डरचं नाव बदलावं, मागे ‘जुनं’ जोडलं तरी चालेल. पुसू नये. त्यानंतर मालकांच्या पासवर्डने प्रोग्राम उघडून डेटाचा मार्ग बदलावा, बंद करावा आणि शेवटी टिक काढून अकाउंटंटच्या खात्यातून साधेपणाने उघडावा. शेवटचं व्हाउचर २ एप्रिलचं दिसलं, एक नवी नोंद केली आणि नव्या फोल्डरमधल्या एमडीबीची वेळ बदलली, तर काम झालं.

बॅच फाइलीतही नवा मार्ग लिहावा.

टिक तशीच ठेवली असती तर

पासवर्ड रोज टाकावा लागणं ही त्यातली सगळ्यात लहान अडचण. मालकांचा पासवर्ड अकाउंटंटच्या खात्यात टाकला की प्रोग्राम मालकांच्या नावाने चालतो. पडदा अकाउंटंटचा, पण आतली ओळख मालकांची. बिल पीडीएफ करून ‘डेस्कटॉप’वर ठेवलं तर ते मालकांच्या डेस्कटॉपवर जातं आणि समोरच्या डेस्कटॉपवर शोधून सापडत नाही. डीफॉल्ट प्रिंटर मालकांच्या खात्यातला निवडला जातो. अकाउंटंटने आपल्या खात्यात जोडलेला नेटवर्कवरचा झेड ड्राइव्हही प्रोग्रामला दिसत नाही.

हा ड्राइव्ह मालकांच्या स्वतःच्या खात्यातूनही दिसेनासा होतो, तिथे कारण जरा वेगळं आहे. ॲडमिन वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे हक्कांची दोन अंतर्गत ओळखपत्रं, बनवतं, एक साध्या हक्कांचं आणि एक पूर्ण हक्कांचं. डेस्कटॉप साध्या टोकनवर चालतो, नेटवर्क ड्राइव्ह त्याच्याशी जोडलेले असतात, आणि पूर्ण टोकनवर चालणाऱ्या प्रोग्रामला ते दिसत नाहीत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाची नोंद १ करून संगणक पुन्हा सुरू केला की दोन्ही टोकनांना ड्राइव्ह दिसतात. अकाउंटंटच्या अडचणीवर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे माणूसच वेगळा आहे. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या स्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता देणं हा त्याहून साधा मार्ग. मालकांच्या खात्याला त्या फोल्डरचा प्रवेश असला की तो दोघांकडेही चालतो.

फाइल एक्सप्लोररमधून एक्सेलची फाइल ओढून प्रोग्रामवर सोडणंही बंद पडतं. साध्या हक्कांच्या प्रोग्रामने पूर्ण हक्कांच्या खिडकीला संदेश पाठवू नयेत असा विंडोजचा नियम आहे. एररही येत नाही, फाइल सोडली तरी काहीच होत नाही.

बॅकअपच्या बॅच फाइलीला टिक लावली तर आणखी एक गोष्ट बिघडते. ॲडमिन म्हणून सुरू झालेल्या बॅच फाइलीचं चालू फोल्डर ‘सिस्टम३२’ असतं, फाइल ठेवलेली असते ते नव्हे. आत नुसती फाइलींची नावं लिहिलेली असली की त्या सापडत नाहीत. अशा बॅच फाइलीची पहिली ओळ अशी असावी: सीडी, जागा, स्लॅश डी, जागा आणि मग अवतरणचिन्हांत टक्का, लाटेचं चिन्ह, डी, पी, शून्य हे सलग. त्याने चालू फोल्डर बॅच फाइलीच्या जागी येतं. या दुकानात मात्र डेटा बाहेर गेल्यावर बॅकअपला ॲडमिन हक्क लागतच नाहीत.

टिक जिथे खरंच लागते

वर्षातून एक-दोनदा येणारं अपडेट. त्यासाठी वेगळा शॉर्टकट करावा, मालकांच्या डेस्कटॉपवर, नाव ‘हिशेब – फक्त अपडेट’. अपडेट मालकांनी आपल्या खात्यात लॉगिन करून घ्यावं. प्रोग्रामच्या फोल्डरमधली ईएक्सई ऑल्ट दाबून डेस्कटॉपवर ओढली की शॉर्टकट तयार होतो. मग सुरुवातीला सांगितलेली टिक. अपडेट संपल्यावर प्रोग्राम आपणहून पुन्हा उघडला तर तो पूर्ण हक्कांनीच उघडलेला असतो, कारण ज्याने त्याला सुरू केलं त्याचे हक्क त्याला मिळतात. तो बंद करावा.

‘ॲडव्हान्स्ड’ बटण कधी कधी फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही. इन्स्टॉलरने बनवलेल्या काही शॉर्टकटमध्ये ‘टार्गेट’ची चौकटही फिकट असते. ते थेट ईएक्सईकडे न जाता इन्स्टॉलरमार्फत जातात. त्यावर उपाय म्हणजे ईएक्सईवरून नवा शॉर्टकट बनवणं. शॉर्टकट एखाद्या फोल्डरचा किंवा कागदपत्राचा असेल तरी बटण फिकट राहतं.

हीच टिक ईएक्सईच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी’ टॅबवरही असते आणि दोन्ही एकच समजल्या जातात. शॉर्टकटवरची टिक त्या एका शॉर्टकट फाइलीत साठते, म्हणून फक्त त्या आयकॉनपुरती लागू होते. ‘कॉम्पॅटिबिलिटी’मधली टिक रजिस्ट्रीत ईएक्सईच्या पत्त्यासह नोंदवली जाते, म्हणून प्रोग्राम कुठूनही उघडला तरी लागू होते. या दुकानात दुसरी टिक लावली असती तर साधं उघडणं आणि अपडेटसाठी उघडणं वेगळं ठेवताच आलं नसतं. टिक काढूनही पासवर्ड मागितला जात असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्या टॅबवरची लावून ठेवलेली असते.

रोज ॲडमिन हक्क लागतातच, तेव्हा

काही प्रोग्रामना रोज पूर्ण हक्क खरंच लागतात आणि वापरणारा स्वतः ॲडमिन असतो. तिथे ॲडमिन हक्क देण्याआधी विंडोज दाखवतं ती संमतीची चौकट टाळायला टास्क शेड्युलर वापरता येतो. ‘क्रिएट टास्क’मध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक, ‘ॲक्शन्स’मध्ये प्रोग्राम, आणि डेस्कटॉपवर असा शॉर्टकट जो शेड्युलरच्या आज्ञेने ते टास्क चालवतो. ‘स्टार्ट इन’ची चौकट भरताना मार्गाभोवती अवतरणचिन्हं घालू नयेत, टास्क सुरूच होत नाही. ‘कंडिशन्स’मध्ये ‘वीज जोडलेली असेल तरच’ ही अट मुळात लागलेली असते, ती काढावी, नाहीतर बॅटरीवरच्या लॅपटॉपवर शॉर्टकट दाबून काहीच घडत नाही. तीन दिवसांनी टास्क थांबवण्याची अटही मुळातच असते. संगणक बंद न करणाऱ्यांचा प्रोग्राम चौथ्या दिवशी अचानक बंद होतो तो तिच्यामुळे.

जी ईएक्सई अशी चालवायची ती साध्या वापरकर्त्याला बदलता येईल अशा फोल्डरमध्ये कधीही नसावी. तिथे कुणी दुसरी ईएक्सई त्याच नावाने ठेवली तर तीही न विचारता पूर्ण हक्कांनी चालेल. याच कारणासाठी वर प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच ठेवला आणि फक्त डेटा हलवला. पूर्ण ‘प्रोग्राम फाइल्स’वर सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’ देणं किंवा संमतीची चौकट कंट्रोल पॅनलमधून कायमची बंद करणं हे सल्लेही मिळतात. ते कुणाच्याही संगणकावर करू नयेत.

पुढचे काही दिवस

टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘एलेव्हेटेड’ आणि ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हे दोन रकाने जोडावेत. रोजच्या वापरात हिशेबाच्या प्रोग्रामपुढे पहिल्यात ‘नो’ हवं. दुसऱ्यात ‘एनेबल्ड’ दिसेल. प्रोग्राम जुना असल्याने वळवणूक लागूच राहते, पण डेटा आता ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर असल्याने त्याला धक्का लागत नाही. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये खिडकीची जागा लिहिणारी छोटी आयएनआय पुन्हा उगवेल, ती चालते. एमडीबी उगवली तर मात्र मार्ग कुठेतरी जुना राहिला आहे.

आणि बॅकअप घेतल्यावर पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव न पाहता आतल्या एमडीबीची ‘डेट मॉडिफाइड’ पाहावी. ती आजची हवी. नाव बदललेलं जुनं व्हर्च्युअलस्टोअर फोल्डर गेल्या वर्षाचा ताळेबंद ऑडिटरकडून सही होऊन येईपर्यंत जागचं हलवू नये.